खुर्ची घेऊन फिरणारा अध्यक्ष

आमच्या गावचा अध्यक्ष सायकलवर खुर्ची घेऊन फिरायचा. अध्यक्षाची खुर्ची म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढं येईल तसली गादीची, हातांची नव्हे. स्वयंपाकघरातली, लाकडी, एका पायाखाली बुचाचा तुकडा ठोकलेली. सायकलच्या मागं ती उलटी बांधलेली असायची, चारही पाय आभाळाकडं. लांबून वाटायचं, मेलेलं वासरू घेऊन कुणी चाललंय. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरात येऊन सांगितलं, "इथं एक वेडा आहे."

सूनबाई खिडकीशी गेली. "बाबा, ते गावसमितीचे अध्यक्ष आहेत."

"गावसमिती म्हणजे?"

"आपली ग्रामपंचायत समजा. पण मानधन नाही, सत्ता नाही, गाडी नाही."

"मग माणूस उभा कशाला राहतो?"

ती कॉम्प्युटरकडं परत गेली. याचं उत्तर मला मिळायला पुढं बराच काळ गेला.

माझं शिक्षण चौथी. ते मी कधी लपवलं नाही आणि त्याची लाजही बाळगली नाही. गावाकडं माझी पिठाची गिरणी होती, पंचायतीत निवडून आलो होतो, उपसरपंचही झालो होतो. हातपंप कुठल्या आळीत बसायचा आणि समाजमंदिर कुणाच्या दारासमोर यायचं, हे ठरवणाऱ्या माणसांत मी बसलेलो आहे. त्यामुळं पंचायत मला कुणी शिकवू नये, असं माझं मत होतं. मुलानं हॉलंडात, नीउ-व्हेनेप शहराच्या पलीकडं या लहान गावात घर घेतलं, कारण शहरात परवडत नव्हतं. आम्हा दोघांना त्यानं इकडं आणलं आणि स्वतः रोज अ‍ॅमस्टरडॅमला ऑफिसात जाऊन बसायला लागला. राहिलो आम्ही तिघं. मी, माझी मंडळी आणि सूनबाई. सूनबाई घरूनच कॉम्प्युटरवर काम करायची आणि डच शिकली होती. हे गाव मला कळलं ते सगळं तिच्या तोंडून.

इथली पद्धत सांगतो. हेगच्या सरकारकडं लहान गावांच्या कामांसाठी निधी असतो. पण गावानं थेट मागायचा नाही. प्रत्येक गावानं वर्षाला एक काम निवडायचं, एकच, आणि ते नगरपालिकेकडं द्यायचं. नगरपालिकेला इथले लोक खेमेन्ते म्हणतात. ती सगळ्या गावांच्या कामांतून थोडीच वेचून हेगला पाठवते. म्हणजे चाळणीखाली चाळणी. गिरणीवाल्याला हे पटकन समजलं. आणि पहिली चाळणी आमच्या अध्यक्षाच्या हातात.

गावाकडं आम्ही काम कसं निवडायचो? तालुक्याला कुणाचा मेहुणा आहे ते बघून. हा अध्यक्ष निवडायचा तो खुर्चीवर बसून. ज्यानं काम मागितलं त्याला घेऊन तो त्या जागी जायचा, खुर्ची सोडायचा, मांडायचा आणि बसायचा. बाकीच्यांनीही आपापल्या घरून खुर्च्या आणायच्या. मग सगळ्यांनी मिळून ती अडचण सोसायची.

बसथांब्यावर छप्पर हवं असं एका बाईनं मागितलं. अध्यक्षानं हवामान बघितलं, चांगला आडवा पाऊस येणार तो दिवस निवडला आणि सगळी समिती बसथांब्यावर नेऊन बसवली. बस येईपर्यंत. त्या दिवशी बस रद्द झाली होती. ते त्याला माहीत होतं. छत्री कुणी उघडली की म्हणायचा, "छत्री आहे ना? मग छप्पर कशाला?" छप्पर मंजूर झालं. समितीतले निम्मे लोक सर्दीनं पडले आणि अध्यक्ष मात्र ठणठणीत राहिला, आणि वर म्हणतो कसा, "आता खेमेन्तेत छपरासाठी भांडताना त्यांना काही पाठ करायला लागणार नाही."

मुलांच्या खेळाच्या मैदानात नवी घसरगुंडी मागितली, तेव्हा तो स्वतः जुनीवरून घसरला. उंच, हाडकुळा माणूस, सत्तरी ओलांडलेली, मध्येच अडकला. फुटबॉलच्या पोरांना शिकवणारा एक धिप्पाड गडी समितीत होता, त्यानं त्याला खेचून काढलं. आम्ही त्याला फुटबॉलवाला म्हणू. तर अध्यक्ष पॅन्ट झाडत उठला आणि म्हणाला, "घसरगुंडी चांगली आहे. मी चुकीचा आहे." झालं, घसरगुंडी नामंजूर.

मला हा माणूस आवडायला लागला. तसं मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

आमची ओळख झाली ती कालव्यामुळं. आमच्या घराच्या पुढं कालवा आहे आणि कालव्याच्या पलीकडं गावातल्या लोकांना भाजी लावायला वाफे दिलेले आहेत. त्यातला एक आमचा. मेथी, कोथिंबीर, लसूण. इथून हाक मारली तर पलीकडं ऐकू जाईल एवढंच अंतर. पण मध्ये पाणी. पूर्वी तिथं लाकडी साकव होता म्हणे, कुजला म्हणून काढला, तो परत कुणी घातला नाही. त्यामुळं पलीकडं जायला पार रस्त्याच्या मोठ्या पुलावरून वळसा. मला त्याचं काही नव्हतं. पण मंडळींचे गुडघे गेले. सुरुवातीला ती रोज यायची, मग अधूनमधून, मग आलीच नाही. खिडकीत बसायची आणि आपला वाफा लांबून बघायची. मेथीला फुलं आली तरी खुडायला कोणी नाही. मी खुडायचो, पण मी खुडलेली तिला चालत नाही. मुळासकट उपटता म्हणते.

मी ठरवलं, पूल पाहिजे. साधा, पायी जायचा.

आता काम कसं मंजूर करून घ्यायचं हे मला शिकवायची गरज नव्हती. निवड व्हायच्या आधीच्या रविवारी मी समितीला जेवायला बोलावलं. सूनबाई म्हणाली, "बाबा, इथं असं करत नाहीत."

"जेवत नाहीत?"

"जेवतात. पण आपापल्या घरी."

"म्हणून तर यांची कामं अडतात," म्हटलं.

मंडळींनी मटणाचा रस्सा केला, भाकरी केल्या, वर शिरा. हे लोक कॉफीबरोबर एक बिस्किट देतात आणि डब्याचं झाकण लावून टाकतात. त्यांच्यापुढं आमचं ताट गेलं तेव्हा ते ताटाकडं न बघता एकमेकांकडं बघायला लागले. अध्यक्षानं पहिला घास घेतला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. पण उठला नाही. रस्सा तीनदा मागून घेतला, भाकरी कुस्करून खाल्ली आणि निघताना आमच्या मंडळींचा हात हातात घेऊन बराच वेळ काहीतरी बोलला. फक्त फुटबॉलवाला आला नाही, त्याची मॅच होती. मी मनात म्हटलं, एक गेला तरी बाकीचे सगळे खिशात आहेत.

सभेला गावच्या हॉलमध्ये गेलो. इस्त्रीचा शर्ट, टोपी. माझ्या पुलाचा विषय निघाला आणि अध्यक्ष उभा राहिला. आपली खुर्ची उचलली आणि दाराबाहेर गेला.

"कुठं चालला?" मी सूनबाईला विचारलं.

ती कपाळाला हात लावून बसली होती. "बाबा, ते म्हणाले, मी यांच्या घरी जेवलोय. त्यामुळं या कामावर मला बोलता येणार नाही."

मागोमाग सेक्रेटरीणबाई उठल्या. त्यांनी शिरा डब्यात भरून नेला होता. त्यांच्यामागं खजिनदार उठला. मग आणखी दोघं. एकामागं एक सगळी समिती आपापली खुर्ची घेऊन बाहेर जाऊन बसली. बाहेर भुरभुर पाऊस. काचेतून दिसत होती सगळी, ओळीनं, माना खाली घालून, शाळेतून बाहेर काढलेल्या पोरांसारखी. आत राहिला एकटा फुटबॉलवाला. त्यानं दोन्हीकडं बघितलं आणि म्हणाला, "मग माझ्या मते मैदानावर प्रेक्षकांना बसायला शेड करावी."

अशी झाली शेड. आजही आहे. मी तिच्याखाली कधी बसत नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष घरी आला. बिस्किटांचा डबा घेऊन. डबा उघडला, प्रत्येकाला एक दिलं, झाकण लावलं. मी तोंड फिरवून बसलो होतो. तो सूनबाईशी बोलला आणि तिनं मला सांगितलं. तो मला डचमध्ये काय म्हणून बोलायचा देव जाणे, सूनबाई मात्र सगळं 'तुम्ही' करूनच पोचवायची.

"ते म्हणतात, जेवण फार चांगलं होतं. म्हणून तर बाहेर बसलो. वाईट असतं तर आत बसून तुमच्या बाजूनं बोललो असतो."

आमच्याकडं असं म्हणणारा माणूस असता तर पंचायतीची पाच वर्षं कोरडी गेली असती. तरी मी म्हटलं, "त्याला विचार, पुढच्या वर्षी काय करायचं?"

"म्हणतात, काही करायचं नाही. पाणीसुद्धा विचारायचं नाही."

पुढचं वर्षभर मी ते तंतोतंत पाळलं. अध्यक्ष वाटेत भेटला तर मी हात मागं बांधायचो, चुकून खिशातला खडीसाखरेचा खडा देऊन बसेन म्हणून. मात्र बोलणं वाढलं. म्हणजे मी मराठीत बोलायचो, तो डचमध्ये. कालव्याच्या काठावर तो खुर्चीवर, मी बाकावर. मी गिरणीचा पट्टा कसा तुटायचा ते सांगायचो आणि तो बहुतेक गाईंबद्दल सांगायचा, कारण हातानं दूध काढून दाखवायचा. एकदाही भांडण झालं नाही. सूनबाई असली की मात्र व्हायचं.

एकदा तिच्या देखत त्यानं खुर्चीचं सांगितलं. ती जोडीतली. दुसरी घरात आहे, स्वयंपाकघराच्या टेबलाशी. त्याची बायको त्या दुसरीवर बसायची. ती गेली. त्याचं शेत कालव्याच्या पलीकडं होतं आणि जेवायची वेळ झाली की ती या काठावरून त्याला हाक मारायची. "इथं वारा असा आहे," तो म्हणाला, "की 'ए' म्हटलेलं ऐकू जात नाही. 'ऐकतोस का' ऐकू जात नाही. नाव ऐकू जातं." मग त्यानं बायकोचं नाव घेतलं. सरळ, चारचौघांत, हवामान सांगावं तसं. मी दुसरीकडं बघितलं.

समितीत तो शिरला तोही तिच्यामुळंच. कालव्याच्या वळणावर तिचा पाय घसरला होता, म्हणून त्यानं तिथं कठडा मागितला. तेव्हाच्या समितीनं विचारलं, कुणासाठी? तो म्हणाला, गावासाठी. नामंजूर. पुढच्या वर्षी तिचं नाव सांगितलं आणि कठडा झाला. तेव्हापासून नाव विचारायचं, हा त्याचा नियमच. माणूस उभा कशाला राहतो, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. तो नियम मात्र मी नीट लक्षात घेतला नाही. नडलं ते तिथंच.

वर्ष फिरलं. मी पुन्हा पूल मागितला. अध्यक्ष समितीला घेऊन काठावर आला, खुर्च्या मांडल्या. सगळे पलीकडं बघत बसले. आमची मेथी दिसत होती, पिवळी झालेली. मग त्यानं मला विचारलं, "कुणासाठी?"

"गावासाठी," मी म्हटलं. उपसरपंच होतो मी. दुसरं काय म्हणणार?

"गावाला पाय नसतात. माणसाचं नाव सांगा."

"म्हाताऱ्या माणसांसाठी."

"नाव."

"घरच्या माणसांसाठी."

"नाव."

सूनबाई कानाशी लागली. "बाबा, आईंचं नाव सांगा ना. संपलं."

आमच्या पिढीत बायकोचं नाव असं उघड्यावर घेत नाहीत. अगं म्हणायचं, ऐकलंस का म्हणायचं, पोराच्या नावानं हाक मारायची. लग्न होऊन घरी आलो तेव्हा बायकांनी उंबऱ्यावर दार अडवलं होतं, नाव घेतल्याशिवाय आत सोडेनात, तेव्हा एकदा घेतलं. त्यावर आमचा सगळा संसार झाला. रेशनकार्डावर नाव होतं, मला घ्यायची गरज पडली नाही. आणि आता मेथीसाठी, फुटबॉलवाल्यासमोर?

"मी सांगते," सूनबाई म्हणाली आणि तिनं सांगितलंसुद्धा. अध्यक्षानं मान हलवली.

"म्हणतात, ज्यानं मागितलं त्यानंच सांगायचं."

"मग नको पूल," मी म्हटलं.

त्यानं खुर्ची उचलली, उलटी बांधली आणि गेला. मागोमाग सगळे गेले. खिडकीत मंडळी बसलेली होती. तिनं पडदा ओढून घेतला.

घरी त्या दिवशी मला चहा मिळाला तो सूनबाईच्या हातचा. मंडळी लसूण सोलत बसली. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाली, "काही नाही. पूल नको म्हणालात ना? झालं तर."

"नाव मागत होता तुझं. असं घेतात का?"

"मी काय म्हणाले काही?"

"मग तोंड का असं?"

"असंच आहे माझं तोंड. इतकी वर्षं बघितलं नाहीत का?"

सूनबाई कॉम्प्युटरकडं बघून हसत होती. मी तिला म्हटलं, "हसू नकोस. तुमचं काय, तुम्ही एकमेकांना नावानंच हाका मारता. किंमत राहिली नाही."

"खरंय बाबा," ती म्हणाली. "तुमच्या एका नावाची किंमत अख्खा पूल आहे."

निवडीची सभा पुढच्या आठवड्यात होती. या वेळी मंडळी म्हणाली, मी पण येते. कशाला विचारलं तर म्हणाली, शेड मंजूर करणारा माणूस बघायचाय. शाल घेऊन मागच्या रांगेत बसली.

एकेकानं उठून आपलं काम मांडलं. सायकलच्या वाटेवर दिवे हवेत, असं एका बापानं मागितलं आणि आपल्या मुलीचं नाव सांगितलं. वाचनालयाच्या दाराला उतार हवा म्हणणाऱ्यानं शेजाऱ्याचं नाव सांगितलं. अध्यक्ष प्रत्येकाला एकच विचारायचा, "कुणासाठी?" आणि नाव ऐकलं की मान डोलवायचा. मग माझ्याकडं वळला. काम मी मागं घेतलेलं नव्हतं. नको म्हटलं होतं ते काठावर, रागात. ते त्यानं धरलं नव्हतं आणि मीही त्याला आठवण करून दिली नाही.

"कुणासाठी?"

मी उभा राहिलो. टोपी काढली, परत घातली. दार बघितलं. मागं शाल बघितली. नुसतं नाव तोंडातून येईना. जे आयुष्यात एकदा घेतलं ते ज्या चालीवर घेतलं, त्याच चालीवर येणार. मग मी उंबऱ्यावर उभं राहून म्हणावं तसंच मोठ्यानं म्हटलं:

"कालव्याच्या पलीकडे मेथीला आलं फूल..."

आणि तिचं नाव घेतलं.

"...चं नाव घेतो, आता बांधा पूल."

मग मागून बांगड्यांचा आवाज आला, मंडळींनी पदर तोंडाला लावला असणार. मी वळून बघितलं नाही. सूनबाईनं डचमध्ये सांगायला सुरुवात केली. आमचं दोन ओळींचं काम, हिचं संपेना. उंबरा आला, बायका आल्या, लग्न आलं, सगळं हातवारे करून. सेक्रेटरीणबाईंनी डोळे पुसले. फुटबॉलवाल्यानं विचारलं, "म्हणजे यांच्याकडं दरवेळी कविता करावी लागते?" सूनबाई म्हणाली, हो. तो म्हणाला, "मग मीही बायकोचं नाव घेतलं नसतं."

मला वाटलं, झालं आपलं काम. पण अध्यक्ष उठला. खुर्ची घेऊन मागच्या रांगेपाशी गेला, मंडळींच्या समोर मांडली, बसला आणि तिला विचारलं. सूनबाईनं सांगितलं, "आई, ते विचारतात, तुम्हाला पूल हवाय का? खरं सांगा म्हणतात. तुम्हाला कुणी विचारलंय का?"

विचारलं नव्हतं. म्हणजे त्यात विचारायचं काय होतं?

मंडळींनी शाल सारखी केली. "हवाय," म्हणाली. "पण यांच्याबरोबर जायला नको. मला एकटीला जायचंय."

सूनबाई माझ्याकडं बघायला लागली. सांगू का, असं.

"सांग," मंडळी म्हणाली. "सोबत आले की सगळी वाट शिकवत येतात. पाय इथं टाक, तिथं टाकू नको. वाफ्यात गेल्यावर मेथी कशी खुडायची ते सांगतात. मला. म्हणून गुडघे जास्त दुखतात. जवळ पूल असला तर एकटी जाईन आणि एकटी येईन."

सूनबाईनं ते सगळं सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही. अख्खा हॉल हसला. बायका जास्त हसल्या. अध्यक्ष मात्र हसला नाही. त्यानं हात वर केला. मग इथल्या रीतीप्रमाणं सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा झाली. फुटबॉलवाल्याची अट, पुलावरून सायकल हातात धरून नेता यावी. खजिनदाराची अट, बदकांना खालून जायला जागा राहावी. बदकांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. शेवटी पूल गावाचं काम म्हणून निवडला गेला.

नगरपालिकेतून तो पुढं गेला आणि हेगहून एक साहेब पाहणीला आला. तरुण, पातळ बुटांचा. त्यानं काठावर उभं राहून फोटो काढले आणि म्हणाला, पलीकडून पण काढायला हवा. अध्यक्षानं त्याच्या हातात खुर्ची दिली आणि मोठ्या पुलाचा रस्ता दाखवला. साहेब बिचारा खुर्ची खांद्यावर घेऊन सगळा वळसा चालत गेला. पलीकडं पोचला तेव्हा खुर्चीवर असा बसला की फोटो काढायचं विसरला. अध्यक्षानं या काठावरून ओरडून त्याला विचारलं, तुझी आई आहे का? आहे म्हणाला. गुडघे कसे आहेत? साहेबानं उत्तर दिलं ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. पण परत येताना तो आमच्या खिडकीकडं बघत आला.

हेगला वेळ लागतो. तोपर्यंत अध्यक्षानं स्वतःच सोय काढली. त्याच्याकडं चपट्या बुडाची होडी होती. त्यानं ती आमच्या घरासमोर आणली, आपली खुर्ची तिच्यात मांडली, आणि मंडळींना हात देऊन तिच्यावर बसवलं. मी पाय उचलला तर त्यानं हात आडवा धरला. सूनबाई घरातून ओरडली, "बाबा, ते म्हणतात, या कामावर तुमचं नाव नाही."

मग दर चांगल्या हवेच्या दिवशी हेच. हा डुलत डुलत वल्हवायचा, मंडळी खुर्चीत ताठ, मांडीवर पिशवी, काठावरच्या लोकांना मान हलवणार. मी काठावर उभा. पलीकडं दोघं बोलत बसलेली दिसायची, ही मराठीत, तो डचमध्ये. एकदा मी विचारलं, काय बोलता एवढं? तर म्हणाली, "तुमच्याबद्दल."

"त्याला काय कळतं?"

"कळतं. हसतो बरोबर जागी."

पूल मंजूर झाल्याचं आलं तेव्हा अध्यक्षाचा एक हात चालेनासा झाला होता. लेकीनं त्याला वाखनिंगन शहरात आपल्याकडं नेलं. पूल उभा राहिल्यावर त्याला एकदा आणलं होतं. त्यानं खुर्ची पुलाच्या बरोबर मधोमध मांडायला लावली, बसला, चहूकडं बघितलं आणि म्हणाला, "उंच झालाय. होडीच बरी होती." मंडळी म्हणाली, "मी पण तेच म्हणत होते." सूनबाईनं मध्ये काही सांगायची गरज पडली नाही. जाताना त्यानं खुर्ची माझ्या हातात दिली. तो बोलला असता तरी मला कळलं नसतं, आणि कळलं नसतं असंही नाही.

त्या थंडीत तो गेला. अंत्यविधीला इथल्या रीतीप्रमाणं कॉफी आणि केकचा एकेक तुकडा होता. मी दुसरा तुकडा उचलला. अध्यक्ष असता तर माझ्या वतीनं बाहेर जाऊन बसला असता.

आता मंडळी रोज सकाळी एकटी पूल ओलांडते. कठड्याला धरून, सावकाश, पाय हवा तिथं टाकत. मी या काठावर त्याच्या खुर्चीवर बसतो. बुचाचा तुकडा निघाला होता, तो नवा ठोकलाय. पलीकडं जायची मला परवानगी नाही आणि मी मागितलेलीही नाही. जेवायची वेळ झाली की हाक मारतो. पहिले काही दिवस 'अगं' म्हणून बघितलं, 'ऐकलंस का' म्हणून बघितलं. वारा सगळं घेऊन जायचा आणि ती मान वर करायची नाही. ऐकू येत नव्हतं म्हणते. असेल.

मग एक दिवस नावानं मारली. लगेच उठली.

तेव्हापासून रोज नावानंच मारतो, चांगल्या मोठ्यानं. आता समोरच्या घरातल्या बायकांनाही ते पाठ झालंय, मला उशीर झाला तर त्याच मारतात. काय नाव ते इथं लिहिणार नाही. ज्याला ऐकायचं असेल त्यानं दुपारी कालव्यावर यावं.